आई, दोरी जास्त लागतेय!

त्या दिवशी माझ्या पर्समध्ये एक चिठ्ठी होती. पोस्टकार्डाएवढी, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. नेहरू विज्ञान केंद्र, तारांगण, राणीच्या बागेतले पेंग्विन, हँगिंग गार्डन आणि वेळ उरलाच तर गेटवे. प्रत्येकापुढे वेळ टाकलेली. नाशिकरोडहून सकाळच्या पंचवटीने निघायचं, संध्याकाळच्या पंचवटीने परतायचं आणि मधल्या वेळात मुंबई उरकायची. ‘उरकायची’ हा शब्द माझाच. धुणं उरकतात, स्वयंपाक उरकतात, तशी मुंबई.

आम्ही पाच जण होतो. मी, नवरा, आमची आठ वर्षांची मीरा, सुट्टीला आलेला नणंदेचा ओम आणि माझे सासरे, म्हणजे आबा. ओम मीरापेक्षा एका वर्षाने लहान. आबांचा सगळा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेला. ते डाव्या कानाने कमी ऐकतात आणि सोयीनुसार उजव्यानेही.

दादरला उतरून आम्ही स्लो लोकल पकडली. प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी. महालक्ष्मीच्या पुलावर मुलं जी थांबली ती हलेनात. खाली धोबीघाट. काँक्रीटच्या हौदांच्या रांगा, वर वाळत घातलेल्या चादरी, एका दोरीवर नुसत्या निळ्या पँटी. ओमने विचारलं, “यातला कोणाचा शर्ट कोणाचा, हे यांना कसं कळतं?” आबा म्हणाले, “खूण करतात कापडावर.” मग मीराला ती खूण बघायची होती. पुलावरून कुठली दिसायला? मी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “चला.”

हा त्या दिवसाचा पहिला ‘चला’. माझ्या नवऱ्याला मोजायची खोड आहे. विज्ञान केंद्राच्या दारातून आत शिरल्यावर पहिल्या वीस मिनिटांत मी हा शब्द चौदा वेळा म्हणाले, असं त्याचं म्हणणं. मी ते नाकारलं. मग त्याने मोबाइलवरची क्लिप दाखवली. तिच्याबद्दल पुढे सांगते.

तुम्ही कधी गेला नसाल तर ही जागा कशी आहे, ते आधी सांगते. वरळीला डॉ. ई. मोझेस रोडवर आहे, महालक्ष्मी स्टेशनपासून फार लांब नाही. आत मोठी इमारत आणि बाहेर झाडांखाली पसरलेलं विज्ञान उद्यान. गंमत म्हणजे उद्यान आधी झालं, १९७९ मध्ये, आंतरराष्ट्रीय बालवर्षात. सगळं केंद्र उघडलं ते १९८५ मध्ये. इमारतीचे वास्तुविशारद अच्युत कानविंदे आपल्या कोकणातले, आचऱ्याचे. उद्यानात वाफेचं जुनं इंजिन आहे, मुंबईतून १९६४ मध्ये कायमची गेलेली ट्राम आहे, भारतात बनलेलं ‘मारुत’ हे लढाऊ विमानही आहे. पण खरी मजा त्यांची नाही. मजा आहे ती ओढायच्या, फिरवायच्या, फुंकायच्या आणि ठोकायच्या वस्तूंची. आपल्याकडे संग्रहालय म्हटलं की काचेची पेटी, तिच्या आत तलवार आणि वर पाटी: ‘हात लावू नये’. इथे उलटं आहे. हात लावला नाही तर काही घडतच नाही.

आणि इथेच आम्हा आईबापांची पंचाईत होते.

आपण मुलांशी सगळ्यात जास्त कोणतं वाक्य बोलतो, आठवून बघा. “हात लावू नकोस.” दुकानात, पाहुण्यांकडे, बँकेत, देवघरात. आठ वर्षं हे ऐकलेल्या मुलीला एका सकाळी ‘लाव हात’ म्हटलं तर ती आधी आईच्या तोंडाकडे बघते. मीराने तसंच केलं. ओमने बघितलं नाही, तो सरळ पळत सुटला. हा फरक मला तेव्हा स्वभावाचा वाटला.

दुसरी पंचाईत वसुलीची. आपण तिकीट काढलं, गाडीभाडं खर्च केलं, रजा टाकली. त्यामुळे सगळं बघून झालं पाहिजे. बुफेला गेलं की बारा पदार्थ ताटात घेतो, तसं. मूल एका पाइपपाशी रेंगाळलं की आपल्याला वाटतं, वेळ फुकट चालला. उरलेलं सत्तर टक्के कधी बघणार? मला तर त्या चिठ्ठीतले पेंग्विन दिसत होते.

मीरा रेंगाळली ती खुर्च्यांपाशी. तुमच्याही डोळ्यांपुढे आणते, कारण माझं पुढचं सगळं बोलणं त्या खुर्च्यांवरच आहे. उंच चौकटीला शेजारी शेजारी तीन खुर्च्या टांगलेल्या. प्रत्येकीत बसायचं, समोरची दोरी धरायची आणि स्वतःच स्वतःला वर ओढायचं. पहिलीला कमीत कमी कप्प्या, दुसरीला त्याहून जास्त, तिसरीला सगळ्यात जास्त. बस, एवढंच. ना लाइट, ना स्क्रीन, ना आवाज. आपल्या गावच्या विहिरीवरच्या रहाटासारखंच.

ओम पहिल्या खुर्चीत बसला, चेहरा लाल होईपर्यंत ओढलं, वीतभर वर गेला आणि धपकन खाली. मी लगेच पुढे. “हे बघ ओम, वर कप्प्या किती आहेत ते मोज. जितक्या कप्प्या जास्त, तितकं वजन वाटलं जातं, म्हणून तिसरी खुर्ची हलकी वाटणार.” ओमने मान हलवली, तिसऱ्या खुर्चीत बसला, सरसर वर गेला, “हो, हलकी आहे” म्हणाला आणि पळाला. त्याचं काम झालं होतं. प्रश्न पडायच्या आधीच मी त्याच्या हातात उत्तर ठेवलं होतं. आता तिथे थांबून तो करणार काय?

मीरा बसली तेव्हा मी म्हणाले, “घट्ट धर हं. फ्रॉक सांभाळ.”

पहिली खुर्ची तिला उचलेना. दुसरी थोडी उचलली. तिसरीत ती वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. मग उतरून पहिलीत बसली. मी तोंड उघडलं तेवढ्यात आबांनी माझ्या हातातली पाण्याची बाटली मागितली. प्यायले नाहीत, नुसती धरून उभे राहिले. मी काय ते समजले. मागे एका शाळेची सहल रांग लावून उभी राहिली, तेव्हा मीरा उठून बाजूला झाली, रांग संपेपर्यंत दुसऱ्यांना बघत उभी राहिली आणि परत जाऊन बसली. किती वेळ गेला असेल? नवऱ्याच्या हिशेबाने पंचवीस मिनिटं. पेंग्विन तिथेच गेले.

शेवटी ती तिसऱ्या खुर्चीतून ओरडली, “आई, दोरी जास्त लागतेय!”

मला आधी कळलंच नाही. वाटलं, दोरी काचतेय. ती म्हणाली, “नाही गं. यात हलकं वाटतं, पण दोरी संपतच नाही. मी हात मोजले. तिकडे एवढंसं वर जायला चार हात, इकडे तेवढ्यालाच कितीतरी हात. हे फुकट नाहीये!”

माझ्या स्पष्टीकरणात हे नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं. म्हणजे दहावीला लिहिलं होतं, गुणही मिळाले होते, पण आपण दोरी जास्त ओढतो तेव्हा ती किंमत मोजत असतो, हे कधी हाताला जाणवलं नव्हतं. ताकद कमी लावायची तर अंतर जास्त घालायचं. कप्पी आपल्याला काहीच बक्षीस देत नाही, फक्त सुट्टे पैसे करून देते.

आता आबा बोलले. बाटली मला परत दिली, खुर्चीजवळ गेले आणि वर्कशॉपमधली चेनपुली सांगू लागले. बसचं इंजिन चार-पाचशे किलोचं. ते उतरवायचं तर नवा पोरगाही एकटा उतरवतो, पण साखळी ओढून ओढून. “खळखळ खळखळ साखळी येतच राहते. तासभर ओढतोय असं वाटतं. इंजिन तेवढ्यात इतकंच हलतं.” त्यांनी अंगठा आणि तर्जनीमध्ये इंचभर जागा दाखवली. मीराने तिच्या दोरीकडे बघितलं, मग त्यांच्या बोटांकडे. “म्हणजे तुमचीपण दोरी जास्त लागायची,” ती म्हणाली. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला कोणी बरोबरीचं मानल्यावर जसं वाटावं, तसं आबांना वाटलेलं दिसलं.

संध्याकाळी पंचवटीत जागा मिळाली. मुलं डबा उघडून बसली आणि नवऱ्याने ती क्लिप लावली. तिच्यात दोन्ही मुलं खुर्चीत बसली तेव्हाचंही चित्रण होतं. आवाज माझाच. ओमला कप्पी, वजन, वाटणी, ‘म्हणून’, ‘कारण’. मीराला ‘घट्ट धर’ आणि ‘फ्रॉक सांभाळ’. मी दोनदा लावून बघितली. तुमच्याशी हे बोलायचं ठरवलं ते त्या क्लिपमुळे, कारण मी स्वतःला मुलामुलीत फरक न करणारी बाई समजत होते. भाचा पाहुणा म्हणून मी जास्त बोलले असेन, असंही मनाला सांगून बघितलं. पटलं नाही.

घरी आल्यावर यावर शोधून वाचलं. कॅलिफोर्नियातल्या एका बालसंग्रहालयात केव्हिन क्राउली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईबाप आणि मुलांचं खेळणं चित्रित करून तपासलं होतं. ते २००१ मध्ये छापून आलं. आईबाप मुलगा आणि मुलगी दोघांशीही बोलतात, वस्तू कशी वापरायची ते दोघांनाही सांगतात. पण ‘असं का होतं’ याचं स्पष्टीकरण मुलांना मुलींच्या जवळजवळ तिप्पट वेळा मिळतं. मुलींनी विचारलं नाही म्हणून असं होत नव्हतं, तर आईबाप आपण होऊनच मुलांना समजावत होते. त्यात तीन वर्षांखालची मुलंही होती. म्हणजे मुलगी शाळेत विज्ञानाच्या तासाला बसण्याच्या कितीतरी आधी घरातल्यांनी हा निवाडा करून टाकलेला असतो, आणि तोही हसतखेळत, प्रेमाने, फ्रॉक सांभाळत.

तुम्ही म्हणाल, मग समजावायचं की गप्प बसायचं? एकीकडे मी ओमला समजावलं म्हणून चुकले म्हणते, दुसरीकडे मीराला समजावलं नाही म्हणूनही. मीही इथेच अडले होते. दुसऱ्या एका प्रयोगाने मला थोडं सोडवलं. तो बॉस्टनमधल्या एका संग्रहालयात झाला, एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्ट्झ आणि त्यांच्याबरोबरच्यांचा, २०११ मध्ये छापलेला. चार-पाच वर्षांच्या मुलांना प्लॅस्टिकच्या नळ्यांचं एक विचित्र खेळणं दिलं. त्यात चार गमती लपवलेल्या: एक नळी ओढली की ‘चूं’ आवाज, एकीत दिवा, एकीकडे सूर वाजणार, एकीत आरसा. काही मुलांना मोठ्या माणसाने ‘हे बघ, हे असं चालतं’ म्हणून आवाजाची गंमत शिकवून दाखवली. काहींच्या बाबतीत तीच गंमत चुकून घडल्यासारखी झाली. शिकवलेली मुलं तेवढंच करून थांबली. न शिकवलेली जास्त वेळ खेळली आणि बाकीच्या गमतीही त्यांनी जास्त शोधल्या. मुलांचा यात दोष काही नाही. त्यांचा हिशेब चोख आहे: एवढ्या मोठ्या माणसाने शिकवलं आणि एकच गोष्ट दाखवली, म्हणजे यात एकच गोष्ट असणार.

ओम ‘हो, हलकी आहे’ म्हणून पळाला, तो याच चोख हिशेबाने.

तेव्हा माझ्यापुरता मी लावलेला अर्थ असा. गप्प बसायचं तर दोघांसाठी गप्प बसायचं. सांगायचं तर दोघांनाही सांगायचं. आणि सांगायची वेळ मूल ठरवतं, आपण नाही. आबांनी चेनपुली सांगितली, पण ‘फुकट नाहीये’ हे ऐकल्यावर. पाच मिनिटं आधी सांगितली असती तर मीराच्या दृष्टीने ती आजोबांची आणखी एक जुनी गोष्ट झाली असती. आबांनी हे कुठे वाचलं नाही. वर्कशॉपला नवा पोरगा यायचा तेव्हा त्याला आधी नट हाताने सोडवायचा प्रयत्न करू द्यायचे, मगच पाना पुढे करायचे, असं त्यांनी जेवताना सहज सांगितलं.

अशा हाताळून बघायच्या केंद्रांच्या मुळाशी जो माणूस आहे, त्याची गोष्ट मला फार आवडते. ‘ओपेनहायमर’ सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला असेल. त्यातल्या शास्त्रज्ञाचा धाकटा भाऊ फ्रँक, तोही भौतिकशास्त्रज्ञ. अमेरिकेत कम्युनिस्टांच्या नावाने धरपकड चालू असताना, १९४९ मध्ये त्याला विद्यापीठातली नोकरी सोडावी लागली. मग बरीच वर्षं त्याने कोलोरॅडोत गुरं पाळली. पुढे तिथल्याच एका छोट्या गावातल्या शाळेत मास्तर झाला आणि मुलांना घेऊन गेला कुठे, तर गावच्या भंगाराच्या ढिगाऱ्यावर. तिथल्या मोडक्या वस्तूंमधून यंत्रं, उष्णता, वीज शिकवायला. पुढे १९६९ मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्सप्लोरेटोरियम’ उघडलं. जगभरच्या हाताळून बघायच्या विज्ञान केंद्रांनी त्याच्याकडून खूप काही उचललं. तो गेला १९८५ मध्ये, म्हणजे वरळीचं केंद्र उघडलं त्याच वर्षी. शाळेत नापास होता येतं, संग्रहालयात नाही, अशा अर्थाचं तो म्हणत असे. आम्ही आईबाप मात्र तिथेही परीक्षा घ्यायची संधी सोडत नाही. “काय काय बघितलंस? सांग बरं!” आणि घरी गेल्यावर वीस ओळींचा निबंध. मी मीराला आधीच्या एका सहलीनंतर तो लिहायला लावला होता. त्यात पहिली ओळ ‘आम्ही सकाळी लवकर उठलो’ आणि शेवटची ‘आम्हाला खूप मजा आली’. मधल्या अठरा ओळींत मजा कुठे आली, ते काही सापडलं नाही.

भंगारातून विज्ञान म्हटलं की आपल्याला अरविंद गुप्ता आठवतात. पुण्यातल्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते बरीच वर्षं होते. काड्या, सायकलची ट्यूब, वर्तमानपत्रं, रिकाम्या बाटल्या यांच्यापासून शेकडो खेळणी त्यांनी मुलांसमोर ठेवली. ती शोधिका ‘पुलस्त्य’ नावाच्या इमारतीत आहे, आणि त्या नावात पु. ल. आहेत. पुण्याच्या पालकांना हे ठाऊक असेलच. मुंबईत आता नव्या जागाही झाल्या आहेत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ पासून मुलांचं संग्रहालय आहे, लोअर परळला २०२३ पासून ‘म्युझियम ऑफ सोल्युशन्स’. कुठेही जा. जागा चकचकीत आहे की साधी, याने फार बिघडत नाही. तिथे आपण कसे वागतो, याने बिघडतं.

त्या दिवशी दुपारी जेवणानंतर आम्ही आवाजाच्या थाळ्यांपाशी गेलो. दोन भल्यामोठ्या वाटीसारख्या थाळ्या एकमेकींकडे तोंड करून, मध्ये बरंच अंतर. एकीच्या पुढे ठरावीक जागी तोंड ठेवून कुजबुजलं की दुसरीपाशी तशाच जागी कान लावणाऱ्याला स्पष्ट ऐकू येतं. मध्ये उभ्या असलेल्याला काहीच नाही. मी मध्येच उभी होते. ओम एका टोकाला, मीरा दुसऱ्या. दोघं खिदळतायत आणि मला शून्य. मला ते नीट सोसलं नाही, हे कबूल करते. “काय बोलताय रे?” मी दोनदा विचारलं. उत्तर नाही. आईला ऐकू न येणारी गोष्ट मोकळ्या मैदानात, तिच्या डोक्यावरून जाते आहे, याहून मोठी करमणूक त्यांना मुंबईत मिळणार नव्हती.

मग मीराने आबांना तिच्या जागी बसवलं. डावा कान पुढे. मी दबकत म्हटलं, “अगं, तो कान…” तिने ऐकलं नाही. ओमने पलीकडून काहीतरी कुजबुजलं. आबांनी डोकं जरा मागे घेतलं, परत पुढे केलं, पुन्हा थोडं मागे. ती नेमकी जागा शोधत होते. मग थांबले. चेहरा असा, की कोणीतरी खांद्यावर हात ठेवला असावा. “आइस्क्रीम पाहिजे म्हणतोय,” ते म्हणाले. घरात शेजारच्या खोलीतून मारलेली हाक ज्यांना ऐकू जात नाही, त्यांना मैदानाच्या पलीकडची कुजबुज ऐकू गेली. त्यांनी पुढे बराच वेळ तो कान तिथून काढला नाही. आइस्क्रीम अर्थातच मिळालं.

थोडं व्यवहाराचंही सांगते, कारण मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. एका दिवसात एकच ठिकाण ठेवा. हे सोपं वाटतं, पण नाशिक, कोल्हापूर किंवा रत्नागिरीहून येणाऱ्याला जड जातं, मला माहीत आहे. तरीही. खुर्च्या, दोऱ्या, चढउतार असतात, म्हणून मुलींना पँट घाला. ‘फ्रॉक सांभाळ’ निम्मं त्यानेच मिटतं. हिवाळ्यात शाळांच्या सहली सकाळी येतात आणि दुपारनंतर ओसरतात, तेव्हा शांतपणे खेळता येतं. डबा घरचा न्या. भुकेलेलं मूल न्यूटनचंही ऐकत नाही. पाट्या वाचून दाखवू नका, फार तर स्वतः वाचा. आजी-आजोबांना बरोबर घ्या. ते दमतात म्हणून जागोजागी बसतात, आणि ते बसले की मुलंही त्याच एका वस्तूभोवती घुटमळतात. माझ्या अनुभवात घाईवर याहून मोठा उतारा नाही.

आणि एक. “तुला काय वाटतं?” हा प्रश्न पुस्तकं वाचून शिकलेल्या सुरात विचारू नका. मुलं तो सूर ओळखतात. आपल्याला उत्तर ठाऊक आहे आणि आपण नाटक करतोय, हे त्यांना लगेच कळतं. त्यापेक्षा जे खरोखर कळत नाही, ते शोधा. तिथे ते भरपूर मिळतं. मी खोलगट आरशापुढे उभी राहिले, तर मी उलटी. जवळ गेले, तर सुलटी आणि केवढी तरी मोठी. मध्ये एका ठिकाणी नुसता चेहऱ्याच्या रंगाचा राडा. “हे कशामुळे?” मी विचारलं ते मनापासून, आणि उत्तर कोणालाच आलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि तो इंजिनीअर आहे. त्याने मोबाइल काढला, तो मी परत खिशात घालायला लावला.

तो प्रश्न तसाच बरोबर आला. कसाऱ्याचा घाट चढताना मीरा दहीभात खात होती आणि चमचा तोंडाशी नेता नेता थांबली. चाटूनपुसून स्वच्छ केला, आतली बाजू डोळ्यांसमोर धरली. “आई, मी उलटी.” चमचा फिरवला. “सुलटी.” परत फिरवला. समोरच्या बाकावरच्या काकूंनी आपल्या डब्यातला चमचा काढला आणि त्याही बघू लागल्या. इगतपुरी येईपर्यंत आमच्या त्या खणात कोणी जेवत नव्हतं, सगळे चमच्यात बघत होते. जवळ धरला तर सुलटं दिसायला हवं ना, आरशात दिसलं तसं? मीराने चमचा इतका जवळ नेला की पापणीला दही लागलं. चमच्याची खोली फार, म्हणून त्यासाठी डोळा जवळजवळ त्याच्या आत न्यावा लागतो. हे मी तिला सांगितलं नाही. खरं म्हणजे तेव्हा मलाही सुचलं नव्हतं.

उद्यानात वेगवेगळ्या लांबीचे पाइपही होते, थापटलं की वेगवेगळे सूर देणारे. तिथे मुलं फार वेळ थांबली नाहीत. मला वाटलं, ते वाया गेलं. पुढच्या रविवारी सकाळी आबा परसात पपईपाशी उभे दिसले, हातात कोयती. त्यांनी एक पान देठासकट तोडलं, चीक नळाखाली धुतला, पानाकडचं बंद टोक तसंच ठेवून त्याच्या खाली उभी चीर पाडली आणि ते तोंडात धरून फुंकलं. म्हशीने हंबरावं तसा आवाज निघाला. शेजारच्यांचा कुत्रा उठून बसला. पपईच्या देठाची पिपाणी, तुमच्यातल्या कोकणातल्या मंडळींना सांगायला नको. मीराने ती घेतली, दोनदा वाजवली आणि कोयती मागितली.

“ती जड आहे, हात कापेल, ये इकडे, मी…” माझं अर्धं वाक्य झालं. आबांनी तिला कोयती दिली नाही, पण कापायचं कुठे ते तिला विचारलं. ती बोट ठेवायची, ते कापायचे. मग ती फुंकायची. वीतभर कमी केलं, आवाज चढला. आणखी चार बोटं, आणखी चढला. मग तिला आधीचा जाड आवाजही परत हवा झाला. म्हणजे नवा देठ. मग त्या दोन्हींच्या मधला. ओम त्याच्या घरी गेला होता, त्याला फोन लावून तिन्ही आवाज ऐकवले. तो म्हणाला, अजून बारीक काढ.

मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. कपडे वाळत घालायचे होते, मीराची आंघोळ राहिली होती, आणि तो शब्द अगदी दातांपर्यंत आला होता. पपईला खालची सहा पानं नव्हती. सातव्या पानाकडे आबांनी हात वर केला, मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि कमी ऐकू येतं त्या कानाची बाजू माझ्याकडे केली.